तपासलेलं जर्नल

प्रेमराज सरांच्या रसायनशास्त्राच्या तासाला दोंडाईच्याच्या त्या ज्युनिअर कॉलेजात मागचा बाकसुद्धा गप्प बसायचा. फळ्यावर सोडियम आणि क्लोरीन काढून ते सांगत, याच्या पदरात एक इलेक्ट्रॉन जास्त, त्याला एक कमी. देवघेव झाली की बंध जुळला, दोघं शांत. ज्याला ही घाई अधिक, तो अधिक क्रियाशील. सोडियम पाण्यावर कसं पेटून धावतं हे ते असं रंगवत की पोरांना डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटे. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. प्रयोगशाळेचं कुलूप तपासणीच्या दिवशी निघे आणि संध्याकाळी परत लागे.

मग प्रॅक्टिकलचे तीस मार्क कुठून येत? जर्नलमधून. आणि जर्नल कुठून येई? मागच्या बॅचच्या जर्नलमधून. कृती, निरीक्षणं, आकडेमोड, सगळं इंग्रजीत, पोरं शब्दाला शब्द उतरवून काढत. जानेवारीत सर तो गठ्ठा पुढ्यात घेत आणि पानापानावर लाल पेनाने बरोबरची खूण करून खाली सही ठोकत. वाचत नसत. बाहेरून आलेला परीक्षकही फरसाण-चहा घेऊन मार्क भरून जाई. सगळीकडे असंच चालतं म्हणे. असं म्हटलं की आपल्याकडे कुणालाच लाज वाटेनाशी होते.

दिपमालाला तीसपैकी तीस होते. बारावीनंतर धुळ्याच्या एका केमिकल कारखान्यात, सायन्सची पोरगी म्हणून, तिला लॅबमध्ये घेतलं. आठ महिने तिने नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. एके दिवशी लॅबचा माणूस रजेवर होता, तेव्हा साहेबाने तिला सल्फ्युरिक आम्ल पातळ करायला सांगितलं. डोळ्यांना लावायचा चष्मा देणं कंपनीच्या जिवावर आलं होतं. तिने काचपात्रात आम्ल घेतलं, त्यात पाणी ओतलं, आणि ते सगळं तोंडावर उडालं.

मार्चच्या एका दुपारी तिचे वडील भाईदास तिला दंडाला धरून स्टाफरूममध्ये घेऊन आले. सर एकटेच होते. काळा चष्मा आणि त्याखालचा चेहरा पाहून त्यांना उठून उभं राहायचंही सुचलं नाही. भाईदासांनी पिशवीतून जर्नल काढून टेबलावर ठेवलं. प्लास्टिकचं कव्हर अजून जसंच्या तसं होतं.

"सर, यामा काय लिखेल शे ते आमले सांगा," ते म्हणाले. "कंपनीवाला म्हनतस चूक तिनी शे. पोर म्हनस, जर्नलमा व्हतं तसंच मी करं. परवा चौकशी शे."

सरांनी पान उघडलं. मोत्यासारखं अक्षर. आधी तीव्र आम्ल घ्या, मग त्यात हळूहळू पाणी ओता.

उलटं. साफ उलटं. आम्ल थोडं थोडं पाण्यात सोडायचं असतं. मग उठलेली उष्णता पाणी पोटात घेतं. आम्लात पाणी ओतलं तर ते तिथल्या तिथे उकळून अंगावर येतं. कधीकाळी कुणा पोराने घाईत उलटं उतरवलं असेल आणि बॅचमागून बॅच ते तसंच चालत आलं असेल. त्या ओळीशेजारी लाल खूण होती. खाली सही होती, स्वतःची, ठसठशीत.

हे चौकशीत गेलं तर कुलूप निघणार होतं, आणि कुलपासोबत किती वर्षांचे किती तीस मार्क बाहेर येणार होते. निवृत्तीला दोन वर्षं होती. समोर एक माणूस होता ज्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि एक पोरगी होती जिला आता दिसत नव्हतं. यापरती सोपी परीक्षा त्यांनी जन्मात दिली नव्हती.

"आम्ल पाण्यात सोडावं, असं लिहिलंय," ते म्हणाले. "बरोबर लिहिलंय तिने."

दिपमालाने मान वळवली, आवाजाच्या रोखाने.

"सर, तिथं तुमची लाल खूण आहे ना?"

"आहे."

"मग माझंच चुकलं. मला उलटंच आठवत होतं." मग वडिलांना म्हणाली, "आबा, मी उगाच कंपनीला दोष देत होते."

सरांनी जर्नलवर हात ठेवला. हे माझ्याजवळ राहू दे, म्हणाले. पुरावा दडवायला मागत होते की आणखी कशाला, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

"नको सर," दिपमाला म्हणाली. "साक्रीला मामाची नूतन यंदा बारावीला जाईल. तिला देते. माझ्या तरी काय कामाचं आता? तुम्ही तपासलेलं आहे, तिला उतरवायला बरं."

तिने चाचपत हात पुढे केला. सरांनी तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं, आणि ते वाक्य त्यांच्याइतकं सोपं करून सांगणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. जर्नल त्यांनी तिच्या हातात दिलं.

भाईदासांनी ते पिशवीत घातलं आणि सरांना हात जोडले. बापलेक फाटकाबाहेर रिक्षात बसेपर्यंत सर खिडकीशी उभे होते. मग घंटा झाली. अकरावीचा तास होता. त्यांनी खडू उचलला आणि वर्गात जाऊन फळ्यावर सोडियम काढलं.