अकरा खुर्च्यांची आगाऊ बातमी

खरं सांगतो, हे लिहायचं जवळजवळ टाळलंच होतं. ज्याची गोष्ट आहे तो माझ्या फार जवळचा, आणि यात त्याची चांगलीच फजिती झालीय. पण म्हटलं, दुसऱ्यांच्या बातम्या तो बिनधास्त छापतो, मग त्याचीच कोणी का झाकून ठेवावी?

तर तो झेरॉक्सवाला. बारीकसं दुकान, दोन मशिनं, एक कॉम्प्युटर. टायपिंग स्वतःच शिकलेला, तेही दोन बोटांनी. गल्लीतल्या सेवा मंडळाचं महिन्याचं पत्रक तोच लिहायचा, तोच छापायचा. दोन पानं, पाठपोट. म्हणून मंडळात सगळे त्याला संपादक म्हणायचे. त्याला ते आवडायचं. का नाही आवडणार?

मंडळाची एक जुनी पद्धत होती. पत्रक शनिवारी घरोघरी जायचं आणि कार्यक्रम असायचा रविवारी. मग बातमी महिनाभर शिळी कशाला करायची? आधीच लिहून टाकायची. 'कार्यक्रम उत्साहात पार पडला. उपस्थिती लक्षणीय होती.' सगळं आधी पार पडायचं आणि मग व्हायचं. एकदा खड्डेच खणले नाहीत म्हणून झाडं लावायची राहिली, तरी पत्रकात ती वाऱ्यावर डोलत होती. कोणी चकार शब्द काढला नाही.

या वेळी काम मोठं होतं. एका दवाखान्याने अडगळीत टाकलेल्या अकरा व्हीलचेअर मंडळाला मिळाल्या होत्या. कुणाचं चाक वाकडं, कुणाची बैठक फाटलेली. त्या नीट करून चालता न येणाऱ्यांना वापरायला द्यायच्या होत्या. हे अंगावर घेतलं पान्याने. पान्या म्हणजे संपादकाचा लंगोटीयार, सायकल दुरुस्तीवाला. पाना कायम खिशात, म्हणून पान्या. तीन आठवडे, दुकान बंद केलं की तो मंडळाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचा. एकटाच.

आणि संपादकाने गुरुवारी काय टाइप केलं? 'मंडळाच्या सर्व सदस्यांनी अथक परिश्रम घेऊन अकरा व्हीलचेअर दुरुस्त केल्या.'

अध्यक्षबाई खूश. "छान लिहिलंयस हो. सगळ्यांना बरं वाटेल."

पान्या सदस्य नव्हता. आणि सदस्यांपैकी निम्म्यांना पाना कुठल्या बाजूने धरायचा तेही ठाऊक नव्हतं. संपादकाला लिहिताना जरा टोचलं, नाही असं नाही. पण घाई होती, मशीन तापलं होतं, आणि पान्या काय, आपलाच माणूस.

रविवारी दहाला मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या ओळीने चकचकीत उभ्या. माणसं आली, घरचे आले. पान्या आला नाही. फोन उचलेना.

पहिला मान शिंपीणकाकूंचा. मांडीचं हाड मोडून चार महिने अंथरुणावर. आज खुर्चीत बसून थेट आपल्या दुकानात जायचं, असं त्यांनी सुनेला बजावून ठेवलेलं. काकू बसल्या, सुनेने खुर्ची दारापर्यंत नेली, उतारावर ब्रेक ओढला आणि हात सोडला. खुर्ची निघाली!

"अगं धर की मला!" काकू ओरडल्या. दोघा-तिघांनी झेप घेऊन खुर्ची पकडली.

मग सगळ्या खुर्च्या तपासल्या. अकराच्या अकरा खुर्च्यांचे ब्रेक सैल.

"आता गं बाई!" अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. "अशा कशा देणार? सगळ्यांना परत पाठवावं लागेल."

 काकू नुसत्या उताराच्या टोकाच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. ते संपादकाला बघवेना. तो तडक पळत सुटला.

पान्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "या संपादक! कसा झाला कार्यक्रम? वाचलं मी. उत्साहात पार पडला म्हणे."

"पान्या, ब्रेक सैल आहेत."

"छे! अथक परिश्रम घेतलेत सगळ्यांनी. त्यांनाच विचार."

"चुकलं माझं."

"चुकलं कसं? छापलंय तू. मी तिथे नव्हतोच, आता येऊन तुझं पत्रक खोटं कशाला पाडू?"

 धापा टाकत संपादक एवढंच म्हणाला, "काकू उतारावरून घसरल्या रे. पकडलं वेळेवर. पण आता त्यांना घरी पाठवतायत."

पान्याने ट्यूब सोडली. "बसवलं कोणी त्यांना? अरे माठा, माणूस बसल्याशिवाय मी ब्रेक आवळत नाही. कुणाच्या हातात जोर असतो, कुणाच्या नसतो. ते बसल्यावरच कळतं. मला विचारायचं तरी!"

आणि विचारायला कोण आलं होतं मागच्या खोलीत? हे पान्या बोलला नाही. संपादकाला मात्र ऐकू आलं.

पान्याने पिशवी उचलली. हॉलमध्ये जाऊन काकूंच्या पायाशी उकिडवा बसला. "ओढा काकू. जड जातंय? आता बघा. बोटं दुखतात?"

"जरा सैल कर. हां, आता बरं." काकू हसल्या. "मीसुद्धा मापाशिवाय कात्री लावत नाही बाबा. या लोकांना कोण सांगणार!"

संपादक शेजारी पाने घेऊन उभा. दहाचा मागितला की बाराचा द्यायचा. "ढ गोळा!" पान्या म्हणायचा, आणि प्रत्येक शिवीगणिक संपादकाचा जीव थोडा भांड्यात पडायचा. बाराच्या सुमाराला अकरावी खुर्ची दाराबाहेर पडली. काकू तर कधीच दुकानात पोचून गिऱ्हाईकावर खेकसत होत्या.

दोघं पायरीवर बसून हात पुसत होते.

"पुढच्या पत्रकात तुझं नाव छापतो," संपादक म्हणाला. "मोठ्या अक्षरात. चूक झाली हेही लिहितो."

"लिही काय ते. नावाचं नाही रे वाटलं मला." पान्या चिंधीने नखातलं ग्रीस काढत होता. "तीन आठवडे होतो त्या खोलीत. तुझं दुकान दोन मिनिटांवर. एकदा डोकावला असतास तर..."

संपादकाने मान खाली घातली. मग विचारलं:

"उद्यापासून ते धरून चालायचे वॉकर येणारेत ना दुरुस्तीला?"

"सहा आहेत. का?"

"उद्या संध्याकाळी सहाला मागच्या खोलीत येतो. रोज येणार, सहाही वॉकर होईपर्यंत. दहाचा पाना कुठला तेही शिकतो. आणि माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय यापुढे एक ओळ टाइप करणार नाही. शब्द देतो, पान्या."