चाळिसावं डोकं

सभागृहात खुर्च्या एकशे वीस, पण त्यांवर बसायला आमदार कधी सापडत नसत. कँटीन मात्र तुडुंब. कामकाज चालायला निदान चाळीस जण आत हवेत, त्याला कोरम म्हणत, आणि ती डोकी मोजायला एक बाई नेमलेली होती. अठरा वर्षं ती रांगांमधून फिरून डोकी मोजत होती, झोपलेली धरून. सगळे तिला मोजणीबाई म्हणत. त्या डोक्यांत काय असतं याची चौकशी तिनं पहिल्याच वर्षी सोडली होती.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मात्र तिचा जीव टांगणीला लागला. लहान गावांतली सरकारी रुग्णालयं बंद करायचं विधेयक दुपारी येणार होतं. त्यातल्याच एका रुग्णालयात तिच्या ताईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होई. त्यापुढचं रुग्णालय पाच तासांवर. विरोधकांनी बाहेर पडून कोरम मोडायचं ठरवलं होतं, कारण बहुमत असूनही बूड टेकवून बसणारे चाळीस सरकार पक्षाकडे नव्हते. म्हणून त्या शहाण्यांनी सकाळीच नियम बदलायचा घाट घातला. हजेरीपटावर सही केली की माणूस दिवसभर हजर, मग तो घरी घोरत का पडेना. अडचण एवढीच, की हा नवा नियम मंजूर करायलाही जुन्या नियमाचे चाळीस लागत होते.

विरोधक तावातावानं बाहेर गेले. बाईनं मोजले, एकोणचाळीस भरले. सचिव कानाशी येऊन म्हणाले, एक वाढवा, कोण बघतंय. तिनं एकोणचाळीसच लिहिले.

दहा मिनिटांची घंटा सुरू झाली. ती थांबेपर्यंत चाळीस झाले नाहीत, तर अधिवेशनच संपणार होतं. नऊ मिनिटं कुणी फिरकलं नाही. मग दार ढकलून आत आले ते ताईच्याच गावचे आमदार, विरोधी पक्षाचे, रुग्णालयाची वीटही हलू देणार नाही अशी शपथ घेतलेले. मोबाइलचा चार्जर बाकाखाली राहिला होता. ते वाकून वायर ओढू लागले. बाई धावत त्यांच्यापाशी गेली.

"साहेब, बाहेर जा. तुमच्यामुळे चाळीस होतायत."

"होऊ देत की," ते खालूनच म्हणाले. "मी कुठे मत देणार आहे?"

चौथ्यांदा निवडून आलेला माणूस हा. घंटा थांबली, दारं लागली. एक कमी लिहावा असं तिला फार फार वाटलं, स्वतःच्या सरळपणाची चीड आली, आणि तिनं चाळीस लिहिले. नियम बदलला. दुपारी चौदा आमदारांनी, त्यातले तीन पेंगत असताना, रुग्णालयं बंद केली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आपले आमदार शेवटपर्यंत लढले, असं टीव्हीवर सांगत होते म्हणे. बाईनं तिला घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"तुला एक कमी लिहिता आला नसता का गं?" ताईनं विचारलं.