कारण: पती-पत्नी एकत्रीकरण

“महेंद्र सर, गाडी तुम्ही चालवू नका. कुणाला तरी संगं घ्या,” माझ्या बायकोच्या शाळेचे मुख्याध्यापक मारुतराव फोनवर म्हणाले. दीक्षा परिपाठाला चक्कर येऊन पडली, एवढंच त्यांनी आधी सांगितलं होतं. गाडी चालवू नका म्हटल्यावर मला कळलं. मी राहू गावच्या शाळेत तिसरीला भागाकार शिकवत होतो.

दीक्षा आणि मी दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. ती पाबळजवळच्या वस्तीवरच्या शाळेत, मी दौंड तालुक्यात. अकरा वर्षं मी राहूला खोली करून राहिलो. शनिवारी शाळा सुटली की पाबळला घरी. गाडी दारात लागली की ती आत ओरडायची, “आई, पाहुणे आले बघा! साखर किती लागते इचारा त्यांना.” आई हसायची. मला राग यायचा.

या वर्षी तिच्या शाळेत एक जागा रिकामी होती. बदलीचा फॉर्म तिनेच बसून भरला. फेब्रुवारीत ती गेली. यादी मे महिन्यात आली. माझ्या नावापुढे तिची शाळा होती. कारण: पती-पत्नी एकत्रीकरण.

मी तालुक्याच्या ऑफिसात विचारलं. ते म्हणाले, “ऑर्डर निघाली हाय. हजर व्हा.”

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी गेलो. पोरं गोळा झाली. “बाईंचे सर आले!” मारुतरावांनी दीक्षाचा वर्ग उघडून दिला. अंकांचे तक्ते तिच्याच अक्षरातले होते. मला तिथून हलावंसं वाटेना.

मारुतरावांनी मस्टर पुढे केलं. माझं नाव त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

“या जागेच्या यादीत माझ्या मागं कोण होतं, मारुतराव?”

“आमचीच मंडळी, साधना. जाऊ द्या सर. नऊ वर्षं लांबच्या शाळेत काढली, आन् आनखी एक वर्ष. दीक्षा मॅडमची जागा पुढच्या बदल्यांत निघंलच की.” बोलून गेल्यावर त्यांची मान खाली गेली. “माफ करा. तसं म्हनायचं नव्हतं मला.”

“साधना मॅडम शनिवारीच घरी येतात ना?”

“येती की. परवा धाकटा तिला इचारतोय, मम्मी, आज मुक्काम हाय का तुझा?”

ते हसले. मला हसू आलं नाही.

मी कोरा कागद मागितला. बदली रद्द करावी, असा अर्ज लिहिला. कारण लिहिलं: पत्नी हयात नाही.

“सर, इचार करा. पोरं तुम्हाला वळखत्यात.”

“ओळखतात. पण ऑर्डर दोघांची होती, मारुतराव.”

साधना मॅडम पुढच्या महिन्यात तिथे हजर झाल्या. मी राहूलाच आहे. अकरा वर्षांत दीक्षाने आणि मी एका शाळेत एक दिवसही शिकवलं नाही. ते राहिलं.