सिस्टरांची परवानगी

"हेडफोन घट्ट होतायत का?" साउंडवाल्यानं विचारलं.

"होऊ देत," सिस्टर म्हणाल्या. हेडफोन घट्ट नव्हते, त्यांचीच कानशिलं उडत होती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.

आयुष्यभर वॉर्डात नोकरी केल्यामुळे सगळं जग त्यांना सिस्टर म्हणे. घरात नवराही तीच हाक मारायचा, आणि त्यावर उतारा म्हणून त्या त्याला साहेब म्हणायच्या. साहेब नट होते. फार मोठे नव्हेत, पण चेहरा ओळखीचा आणि आवाज त्याहून ओळखीचा. एक सिनेमा अर्धा टाकून ते गेले, आणि आता उरलेले संवाद त्यांच्या आवाजात यंत्र बोलणार होतं. शेजारी बसलेल्या लेकीनं केव्हाच होकार दिला होता. अडलं होतं सिस्टरांपाशी. एकदा ऐकायचं आणि हो म्हणायचं, एवढंसं काम, पण त्यानं त्यांची झोप उडवली होती. आवाज साहेबांसारखा नसला तर, ही एक भीती. अगदी त्यांच्यासारखाच असला तर, ही दुसरी, आणि ती मोठी होती.

"लावा," दिग्दर्शक म्हणाला.

"मी कुठं जाणार आहे," साहेब कानात म्हणाले, "इथंच... बसतो... तुम्ही या जाऊन."

सिस्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मधे मधे कसे थांबतात, ऐकलंत काकू?" दिग्दर्शक खूश होता. "आम्ही लिहिलं नव्हतं तसं. यंत्रानं त्यांची शैली बरोब्बर उचलली."

"शैली कसली? दम लागायचा त्यांना. कुठलं रेकॉर्डिंग दिलंत?"

शेवटचं दिलं होतं, कारण तेच सगळ्यात स्वच्छ होतं. त्या दिवशी सिस्टर बाहेरच्या बाकावर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन बसल्या होत्या. यंत्रानं माणसाचं दुखणंच पाठ करून टाकलं होतं.

दिग्दर्शक ओशाळला. साउंडवाला म्हणाला, "काढता येईल. जुनी रेकॉर्डिंग आहेत आपल्याकडे." थोडा वेळ खटपट करून त्यानं मान वर केली. "आता त्यांना काय म्हणायला लावू? काहीही सांगा, मी टाईप करतो."

दुधाची तहान ताकावर भागवू नये, हे सिस्टरांना कळत होतं. पण तहान मोठी होती.

"'सिस्टर, जेवलीस का?' असं."

टकटक झाली.

"सिस्टर, जेवलीस का?" धडधाकट, मिस्कील, लग्नाच्या नव्या दिवसांतला आवाज.

"हो," सिस्टर मोठ्यानं म्हणून गेल्या. लेकीनं मान खाली घातली.

कानात पुढे काहीच आलं नाही. साहेब असते तर एवढ्यावर हटले नसते. ड्यूटीवरून दमून आल्यावर त्या रोज खोटं हो म्हणायच्या, आणि ते "बरं बरं" म्हणत ताट वाढायला घ्यायचे. या आवाजाला मात्र ते हो पटलं होतं. कुणी काही टाईप करेपर्यंत तो गप्प राहणार होता, आणि उद्या कुणीही काहीही टाईप करणार होतं. सिस्टरांना त्याची भीती वाटली. त्याहून भीती वाटली ती स्वतःची, कारण तो आवाज त्यांना परत ऐकायचा होता.

त्यांनी हेडफोन काढले.

"नको. माझी परवानगी नाही. जेवढं ते स्वतः बोलून गेलेत, तेवढंच ठेवा."

"अहो काकू, सगळा सिनेमा अडकलाय. किती जणांची मेहनत आहे."

"कळतंय मला. हवं तर शिव्या द्या."

दिग्दर्शक उठून बाहेर गेला. लेक जागची हलली नाही.

"आई, मग हे पुसायच्या आधी मला एकदा ऐकू दे. मी पोचले तेव्हा बाबांचं बोलणं बंद झालं होतं."

हिला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? सिस्टरांनी आपल्या हातानं हेडफोन लेकीच्या कानांवर बसवले. लेकीनं साउंडवाल्याला हळूच काहीतरी सांगितलं. टकटक झाली.

सिस्टरांना काही ऐकू आलं नाही. लेकीचे ओठ मात्र हलले. "हो बाबा." मग साउंडवाल्याकडे न बघताच तिनं बोटानं खूण केली, परत.

सिस्टर पर्स खांद्याला लावून दाराशी उभ्या राहिल्या. "चल आता," एवढं म्हणायला त्यांचं तोंड उघडेना.