किटली, छत्री आणि शिट्टी

मागच्या वर्षापर्यंत वर्गात माझा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. हजेरीलासुद्धा मी नुसता हात वर करायचे, आणि बाई दोनदा "गैरहजर" लिहून मोकळ्या झाल्या होत्या. मग या वर्षी वक्तृत्वात मी कशी कोण जाणे पहिली आले, ढाल मिळाली, आणि धरणाचा दरवाजाच उघडला. मॉनिटर मी, सूचना मी वाचणार, संमेलनाच्या नाटकात सूत्रधारही मीच! आई म्हणायची, "आधी बोलत नव्हती म्हणून जिवाला घोर, आता थांबत नाही म्हणून घोर."

तेव्हा मला याचं हसू यायचं.

आई शिवणकाम करते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. एक मशीन, एक लांब टेबल, एक आरसा, एक पडदा. गल्लीतले निम्मे लोक आणि आमच्या शाळेतले जवळजवळ सगळे तिच्याकडेच कपडे शिवतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप ती आधी खाकी कागदावर कापून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा टेप लावायला नको. त्या कागदाच्या कोपऱ्यात ती काही ना काही लिहून ठेवते. पण नाव कधीच लिहीत नाही. नावाच्या जागी बारीकसं चित्र. चहावाल्या काकांच्या कागदावर किटली. शाळेच्या वॉचमनच्या कागदावर छत्री, कारण तो उन्हातसुद्धा छत्री घेऊन बसतो. मला लहानपणापासून ही चित्रं पाठ आहेत. अक्षरओळख व्हायच्या आधी मी किटली आणि छत्रीच वाचायला शिकले म्हणा ना.

तर झालं असं, की वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात मी ॲडव्हेंट कॅलेंडर पाहिलं. चोवीस छोटी पाकिटं, प्रत्येकावर आकडा, रोज एक उघडायचं, आत काहीतरी गंमत, आणि शेवटचं पाकीट उघडलं की ज्याची वाट बघत होतो तो दिवस उजाडतो. मला वेडच लागलं. संमेलनाला शाळेचे बरोबर चोवीस दिवस उरले होते! वर्गात असं कॅलेंडर लावायचं आणि ते मी करायचं, हे मी जागच्या जागी ठरवून टाकलं.

पाकिटांना जाड कागद हवा होता. आई तेव्हा एका बाईंच्या कमरेची चुणी बसवत होती, ओठांत चार टाचण्या धरून. मी दारातूनच ओरडले, "आई, जुने कागद घेऊ का गं?"

"हं," आई टाचण्यांमधून म्हणाली.

ती टेबलाखालच्या रद्दीबद्दल बोलत होती, हे मला कळलं नाही असं मी कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर मी नीट विचारलंच नाही. मला "हं" हवा होता, तो मिळाला.

भिंतीवरच्या खुंटीला मापांचे कागद अडकवलेले असतात. सगळ्यात आतले काढले. पिवळे पडलेले, म्हणजे जुनेच असणार! प्रत्येकातून एक चौकोन कापला आणि मुद्दाम चित्राचा कोपरा त्यात येईल असा कापला. पाकीट फाडल्यावर आतून चित्र निघालं तर काय बहार येईल, हे मलाच सुचलं होतं. लिहिलेली बाजू आत दुमडली, कडांना मशीनवर लाल दोऱ्याची शिलाई मारली, आत एक गोळी आणि एक विनोदाची चिठ्ठी. तेवीस झाली. चोविसाव्याला कागद कमी पडला. मशीनच्या ड्रॉवरमध्ये, रिळांच्या डब्याखाली, चार घड्या घातलेला एक खाकी कागद सापडला. तो मी उलगडलासुद्धा नाही. तशाच घडीला दोन बाजूंनी शिलाई मारली. मग सगळी पाकिटं पत्त्यांसारखी पिसली, पाठीवर आईच्या पांढऱ्या खडूने आकडे टाकले आणि दोरीला ओळीने चिमट्यांनी अडकवली. काय देखणं दिसत होतं ते! मी तीनदा लांब जाऊन बघितलं.

पहिल्या दिवशी पहिलं पाकीट फाडलं आमच्या वर्गातल्या रेडिओने. त्याला रेडिओ म्हणतात कारण त्याला बंद करायचं बटण नाही. त्याने गोळी तोंडात टाकली, चिठ्ठी न वाचताच फेकली आणि कागद उलटा केला.

"अरे, आत काय लिहिलंय! 'आतून एक चोरखिसा. बायकोला कळता कामा नये.' आणि ही कसली काठी काढलीय?"

"काठी नाहीये ती, छत्री आहे," मी म्हणाले. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

इथे मी थांबू शकले असते. पण चाळीस डोळ्यांच्या जोड्या तुमच्यावर खिळल्या की कसं वाटतं ते मागच्या वर्षी हात वर करून गैरहजर ठरलेल्या मुलीला विचारा. मी आवाज खाली आणला, वक्तृत्वात आणतात तसा. "विचार करा. उन्हातसुद्धा छत्री कोण घेतं?"

वर्गात एकच हशा पिकला. मधल्या सुट्टीत दहा जणांनी वॉचमनला जाऊन विचारलं, "काका, किती वाजले? घड्याळ कुठल्या खिशात आहे?"

त्या दिवसापासून गोळ्यांना कुणी विचारेना. सकाळी आल्या आल्या "चित्र! चित्र!" असा गलका. कागद मीच वाचायचे, हावभावांसकट, आणि मुलांनी ओळखायचं. किटली निघाली तेव्हा तर बाकं वाजली. "पोट मोजताना श्वास रोखून धरतो. दोन इंच जास्त कापायचं, त्याला सांगायचं नाही." मी श्वास रोखून, गाल फुगवून दाखवलं. बाई वर्गात यायच्या आत खेळ संपवायचा, एवढी अक्कल मात्र होती.

फक्त माझी मैत्रीण हसायची नाही. ती माझ्या शेजारी बसते, पहिलीपासून. तिला सगळे शिट्टी म्हणतात. तोंडात दोन बोटं घालणं नाही, काही नाही, नुसत्या ओठांनी ती अशी शिट्टी वाजवते की खिडकीवरची पाखरं उत्तर देतात. नाटकात ती स्टेशनमास्तर होती आणि शेवटच्या प्रवेशात तिच्या एकटीच्या शिट्टीवर गाडी सुटायची.

"काकूंना माहितीये का गं हे?" तिने मला विचारलं.

"अगं, जुने कागद आहेत. गंमत आहे नुसती."

"ज्याची गंमत त्याला विचारलंस?"

"तू ना, आजीबाई आहेस," मी म्हणाले.

अकराव्या दिवशी अकरा नंबर. हे पाकीट बाकीच्यांपेक्षा जाड होतं. रेडिओने शिलाई उसवून माझ्या हातात दिलं आणि मी खुर्चीवर चढले. घडी उलगडली. कोपऱ्यात एक चित्र होतं जे मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. मी मजकूर वाचायला लागले, मोठ्याने, ठसक्यात, प्रत्येक शब्द सुटा सुटा करत.

"पाठ एका बाजूला वळतेय. उजवा खांदा दीड बोट खाली. आतून कापसाची घडी लावायची, धुतल्यावर पुन्हा बसवायची. डॉक्टरांचा पट्टा घातला तर कमरेत सैल. तिने शपथ घातलीय. कुणाला सांगायचं नाही. आपल्या पोरीलाही नाही."

आपली पोरगी म्हणजे मी. हे मला शेवटच्या शब्दावर कळलं, आणि तोवर तो शब्द तोंडातून गेला होता.

"चित्र दाखव, चित्र!" रेडिओने माझा हात खाली ओढला. "शिट्टी आहे ही! अरे, शिट्टी म्हणजे आपली शिट्टीच की!"

ओळखायला त्यांना मीच शिकवलं होतं. दहा दिवस रोज.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात पुढे करून तिचा खांदा दाबला. "अय्या, खरंच कापूस आहे!"

वर्ग हसला. आणि मी हसले. हे मला कुणी विचारलेलं नाही, कुणी पाहिलंही नसेल, पण मी इथे लिहितेय. सगळे हसले म्हणून माझं तोंड आपोआप हसलं. खुर्चीवर उभी राहून, तिच्या खांद्याचा कागद हातात धरून.

ती रडली नाही. उठली, माझ्या हातातून कागद घेतला, जुन्या घड्यांवरूनच पुन्हा चार घड्या घातल्या, दप्तरात ठेवला आणि दप्तर घेऊन बाहेर गेली. जाताना खांदे सरळ ठेवायचा प्रयत्न करत होती. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि आता मला दुसरं काही दिसेना.

मी उरलेली तेरा पाकिटं चिमट्यांसकट उतरवली. "ए, उद्याचं काय?" रेडिओ ओरडला. मी दोरी गुंडाळून दप्तरात कोंबली.

घरी आई काज करत होती. मी दोरी टेबलावर ठेवली. आईने एक पाकीट उचललं, उसवलं, आत बघितलं. मग सुई टाचण्यांच्या गादीत खोचली.

"किती उघडली?"

"अकरा."

"किटली?"

"हो."

"आणि ड्रॉवरमधला?"

मी मान खाली घातली. मला वाटलं आता थप्पड बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"अगं, माणसं त्या पडद्यामागे माझ्यासमोर उघडी उभी राहतात," आई म्हणाली. "कुणाला पोट आहे, कुणाला पोक आहे, कुणाला मेलं काय आहे. ती कशाच्या भरवशावर उभी राहतात? मी शिवते चांगलं म्हणून? चांगलं शिवणारे छप्पन्न आहेत."

"तू हं म्हणालीस…"

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तुझ्या तोंडात काय होतं?"

मग तिने चपला घातल्या. "चल. तू बोलणार आहेस. फार छान बोलतेस म्हणे."

चहावाले काका माझं ऐकून खो खो हसले. "अगं, रोखतोच मी श्वास! आणि काय!" पण दुसऱ्या दिवशी ते एवढ्या उकाड्यात ढगळ स्वेटर घालून चहा गाळत होते, आणि त्यानंतर मी तिथून जाताना ते किटलीकडेच बघतात. वॉचमन एवढंच म्हणाला, "तिला कळलं." कुणाला ते विचारायची गरज नव्हती. एकेक करून अकरा दारं झाली. शेवटचं शिट्टीचं. तिच्या बाबांनी दार अर्धंच उघडलं. "झोपलीय," ते म्हणाले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

ती चार दिवस शाळेत आली नाही. बाईंनी स्टेशनमास्तरचं काम रेडिओला दिलं, विकतच्या शिट्टीसकट. तालमीत त्याने ती फुंकली की नळातून हवा जावी तसा आवाज यायचा, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. आता ते बघणं नकोसं झालं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. मी बटणं निवडत बसले होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "काकू, स्टेशनमास्तरचा कोट शिवायचाय. बाईंना सांगून आलेय मी."

आईच्या हातातली कात्री थांबली. "माप नव्याने घ्यावं लागेल गं. तो कागद…"

"घ्या. पण ही बाहेर जाऊ दे."

मी आईकडे बघितलं. आईने पडदा ओढायला हात वर केला आणि मानेनेच दार दाखवलं.

मी पायरीवर जाऊन बसले. आमच्या घराच्या भिंती म्हणजे नावाला भिंती. आत कुजबुजलेलंसुद्धा पायरीवर ऐकू येतं. लहानपणापासून मी तिथे बसून किती काय काय ऐकलंय, आणि कधी चुकलं असं वाटलं नाही. टेप टेबलावरून सरकल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "सरळ उभी राहा… नको, तुझी तू उभी राहतेस तशीच राहा." मी दोन्ही कानांत बोटं घातली. घट्ट. दुखेपर्यंत. गल्लीतून जाणारी एक आजी थांबून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मला तिचे नुसते ओठ दिसले.

किती वेळ गेला माहीत नाही. पाठीवर कुणीतरी टकटक केलं.

"ऐकलंस?" शिट्टी विचारत होती.

"नाही."

"कापूस ठेवायला सांगितला की काढायला, ते?"

"नाही. आईशप्पथ नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुला नाहीच सांगणार." आणि पायऱ्या उतरून गेली.

आत आई नवा कागद दुमडत होती. तो तिने खुंटीला लावला नाही, ड्रॉवरमध्येही ठेवला नाही. कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. माझ्यासमोरच. पूर्वी या घरात कुलूप नव्हतं.

संमेलनाच्या दिवशी मी सूत्रधाराचे सगळे संवाद बिनचूक म्हटले. टाळ्या पडल्या; कुठल्या वाक्याला ते आठवत नाही. शेवटच्या प्रवेशात ती निळा कोट घालून फलाटावर आली. मी विंगेत, तिच्यापासून चार हातांवर उभी होते. प्रेक्षकांतून रेडिओचा एक मित्र काहीतरी पुटपुटला, दोघंतिघं खिदळले. ती थांबली. माझे डोळे आपोआप तिच्या खांद्यांकडे जायला निघाले. मी ते ओढून खाली आणले आणि तिच्या बुटांवर ठेवले. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी तिथेच बघत राहिले, तिची शिट्टी सुरू होईपर्यंत, आणि सुरू झाल्यावरही.