दाराला गेरू

धम्मपालच्या फिकट निळ्या फियाटला मागून येणाऱ्या टेम्पोने घासलं आणि डावीकडचं मागचं दार कागदासारखं चुरगळलं. दार नेमकं तेच. स्नेहल कल्याणला माहेरी बाळंत झाली होती, आणि बुद्धपौर्णिमेला बाळाला घेऊन याच दारातून उतरणार होती. संध्याकाळी विहारात बारसं. विहारातल्या सगळ्यांना इंदूबाईंनी, म्हणजे धम्मपालच्या आईने, कधीच सांगून टाकलं होतं, "आमची सून गाडीतून येणार हाय."

विम्याचा माणूस गाडी बघून गेला. म्हणाला, "कंपनीचं दार घ्या नाहीतर बाजारातलं, आम्हाला दोन्ही चालतं. फक्त काय ते ठरवून कळवा."

गॅरेज शांती नगरच्या मागे. लवू मिस्त्री राजापूरकडचा. टायरवर बसून तो म्हणाला, "ओरिजिनल पायजे तर महिना जाईल, शेठ. लोकल उद्या आणतो. पण लोकल म्हणजे दुसऱ्याचा सदरा. अंगात जातो, खांद्यावर बसत नाय."

"पौर्णिमा महिन्याच्या आत आहे रे," धम्मपाल म्हणाला. "लोकल आण."

दार आलं, रंग झाला, गाडी पूनम सागरच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. धम्मपालने हळूच लोटलं, तर दार लागेना. जोरात ढकललं तेव्हा धडाम! वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "क्या तोड़ रहे हो भाई?"

धम्मपालचं तोंड उतरलं. कल्याणपासून झोपलेलं बाळ दारात येताच दचकून रडत उठलेलं त्याला आत्ताच दिसत होतं. "हे दार रद्द करतो, आई. कंपनीचंच मागवतो. बारसं नंतर करू."

"पौर्णिमा काय तुझ्या ऑफिसातली हाय, पुढं ढकलायला?" इंदूबाई खाली आल्या. दाराच्या कडेवरून त्यांनी तळवा फिरवला, जात्यावरून फिरवावा तसा. मराठवाड्यातून येताना जातं गावीच राहिलं होतं. ओव्या मात्र ओठांवर आल्या होत्या.

*जात्याच्या गं दोन तळ्या, दोन डोंगरांच्या लेकी,*
*टाकीचे घाव सोसून, झाली बोलीचाली एकी.*

"गावात टाकीवाला यायचा," त्या म्हणाल्या. "वरल्या तळीला गेरू फासायचा, जातं फिरवायचा. खाली लाल उमटलं, तिथंच छिन्नी."

धम्मपाल हसला. "अगं, हे जातं नाही!"

"नसू दे. घासतंय कुठं, ते गेरू दारालाबी दावील." त्या गेल्या आणि माळ्यावरचा, कुंड्यांना लावायचा गेरू वाटीत भिजवून घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी लवूच्या गॅरेजात त्यांनी दाराच्या कडेला गेरू फासला. दार ढकलून लावलं, परत उघडलं. चौकटीवर तीन ठिकाणी लाल ठसे.

"मावशी," लवू म्हणाला, "मी खडूने करतो हेच. पण काल घाईत राहून गेलं."

"घाईची गाडी पौर्णिमेला पोचत न्हाय," इंदूबाई म्हणाल्या. लवू खो खो हसला आणि कानस घेऊन बसला.

"कुलूप मात्र कंपनीचंच," धम्मपालने आता पाय रोवला. "पत्रा कुणाचाही असू दे. चालत्या गाडीत दार उघडलं तर मला बाळ परत मिळणार नाही."

लवूने मान डोलावली. चुरगळलेल्या दाराचं कुलूप शाबूत होतं. ते त्याने काढून, तेल पाजून नव्या दारात बसवलं. विम्याच्या माणसाला धम्मपालने फोनवर खरं ते सांगितलं: दार बाजारातलं, कुलूप जुनंच, कंपनीचं.

पौर्णिमेला कल्याणहून घोडबंदरमार्गे गाडी आली. स्नेहल मांडीवर बाळ घेऊन मागे, शेजारी इंदूबाई. बिल्डिंगखाली धम्मपालने दार उघडलं. स्नेहल उतरली, बाळ झोपेतच. धम्मपालने दोन बोटांनी दार लोटलं.

ठप्.

बाळाने ओठ हलवले, जांभई दिली आणि पुन्हा आईच्या खांद्यात शिरलं.

"बघितलंस?" धम्मपाल कुजबुजला.

स्नेहलने चौकटीच्या कोपऱ्यातला लाल डाग बघितला. "हे काय लागलंय?"

"काय न्हाय गं," इंदूबाई हळूच म्हणाल्या. "दोन डोंगरांच्या लेकींचं कुंकू."