एकाच घावाचा टिकाव

मी टिकाव बोलतोय. दगड फोडणारा. शाळा शिकलो नाही, गोड बोलता येत नाही. ऐकायचं तर ऐका.

लोहाराने मला घडवलं आणि घाटकोपरच्या खंडूने विकत घेतलं. खंडू चर खणणारा बिगारी. बायको सुंदराबाईबरोबर डोंगरावरच्या वस्तीत राहायचा. तेव्हा वर नळ नव्हता. शेजारचा शरच्चंद्र, वस्ती त्याला शरद म्हणायची, अर्ज करून करून कंटाळला. म्हणाला, "खंडूदादा, आण तुझा टिकाव. चर आपणच खणू." शरदच्या हाताला फोड आले, फुटले, तरी गड्याने मला सोडलं नाही. अठरा दिवसांत पाइप वर आला.

वस्तीने त्याला आमदार केलं. शरदचे भाऊ झाले.

"दादा, हा टिकाव मला दे. ह्याच्यावर निवडून आलोय."

खंडू भोळा. दिला.

झालं, माझी वाट लागली. मला चंदेरी रंग फासला, दांड्याला लाल रिबीन, मुक्काम गाडीच्या डिकीत. भूमिपूजन असलं की बाहेर काढायचे. नारळ फुटायचा, भाऊ एक घाव घालायचे, तोही फोटोवाल्याकडे बघत. टाळ्या. परत डिकीत. एका घावात उंदराचं बीळसुद्धा होत नाही.

सुंदराबाईचं मागणं एकच. डोंगरावर बायकांसाठी संडास. खालचा गाठायला एकशेचाळीस पायऱ्या. भाऊंनी त्याचं भूमिपूजन केलं. पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा केलं. फाईल अडली म्हणे. डिकीत फायली नसतात, मला काय ठाऊक. मधल्या काळात खंडू वारला. तिसऱ्यांदा, गेल्या निवडणुकीआधी, भाऊंनी मला उचललं आणि सुंदराबाई पुढे आली.

"भाऊ, पाणी आणलंत, उपकार झाले. पण आम्ही बायका दुपारनंतर ते पीत नाही. रात्री उतरायला लागू नये म्हणून."

"वहिनी, या खेपेला नक्की..."

"मग आज दुसरापण घाव घाला ना. बघू तरी."

माणसं हसली. भाऊ चिडले, पण घातला. टिकावाचा दांडा पाण्यात भिजवावा लागतो, नाहीतर सुकून सैल होतो. एके काळी भाऊंना हे ठाऊक होतं. मी दांड्यावरून निसटलो आणि थेट नारळाच्या ताटात पडलो.

"अरे, टिकावपण पळाला यार!" मागून कोणीतरी ओरडलं.

भाऊ निवडणूक हरले. फोन वाजायचा थांबला, मागेपुढे करणारे दुसऱ्या दारात गेले.

गेल्या महिन्यात ते एकटेच मला घेऊन डोंगर चढले. दांडा भिजवून आणलेला. त्याच जागी खणायला लागले. दहा-बारा घाव. मी माझ्याकडून जोर लावला, देवाशप्पथ. पण खाली कातळ आणि गडी साठीचा. छाती भात्यासारखी वरखाली. सुंदराबाई दारात बसून बघत होती. गुडघे आता तिला उठू देत नाहीत.

"राहू दे रे शरद," ती म्हणाली. "बस जरा."

ते बसले. "वहिनी, तेव्हा जमलं असतं."

"जमलं असतं," ती म्हणाली.

तेव्हापासून मी इथेच पडून आहे. सगळा दोष त्यांच्या माथी मारत नाही. टाळ्या मलाही आवडायला लागल्या होत्या, ते डाचतं. तुमच्यातल्या कोणाच्या मनगटात जोर असेल तर या. फोटोवाल्याला आणू नका. खड्डा वीतभर झालाय, बाकीचा खणायचाय, आणि ती म्हातारी अजून दुपारनंतर पाणी पीत नाही.